कष्टकऱ्यांचा कुलवृत्तान्त आणि चर्चचे दफ्तर



कुलवृत्तान्त हा शब्द मराठी माणसाला नवा नाही. विसाव्या शतकात आपल्याकडे अनेक आडनावांच्या मंडळींनी वर्गणी गोळा करून आपापल्या घराण्यांचे जाडजूड ग्रंथ छापले. मूळपुरुष कोणत्या गावचा, त्याला वतन कोणी दिले, कोणती शाखा देशावर आली, कोणी पेशवाईत नाव काढले, हे सारे त्यांत वाचायला मिळते. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला आणि पुढे आयुष्यभर वाड्यावाड्यांतून दफ्तरे धुंडाळली. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. या थोर कामाबद्दल आमच्या मनात आदरच आहे. पण दफ्तर वाड्याच्या माळ्यावर असते, झोपडीच्या आढ्याला नसते. ज्याच्या पणजोबाने दुसऱ्याच्या शेतात औत हाकले, ज्याच्या आजोबाने गिरणीत साचा चालवला, त्याने आपला कुलवृत्तान्त कोठे शोधावा?

या प्रश्नाची उत्तरे एकापेक्षा अधिक आहेत. त्यांपैकी एकाचाच विचार आज आपण करणार आहोत. ते उत्तर म्हणजे चर्चची नोंदवही. आम्ही कामगार संघटनेत काम करणारी माणसे या वाटेला लागलो ती विद्वत्तेच्या हौसेने नव्हे. निवृत्तीचे वय आले की कारखान्याच्या दप्तरात कामगाराची जन्मतारीख एक असते आणि घरचे सांगतात ती दुसरीच. शाळेचा दाखला नसतो, गावच्या नोंदीत बाळाचे नावच घातलेले नसते. अशा वेळी ख्रिस्ती कामगार बंधू चर्चमधून बाप्तिस्म्याचा दाखला घेऊन येत, आणि त्या एका कागदावर वयाचा वाद मिटे. तो कागद पुनःपुन्हा हाती आल्यावर आमच्या ध्यानात आले, की यात वयापेक्षा पुष्कळच जास्त माहिती आहे. त्यात बापाचे नाव आहे, आईचे नाव आहे, दोन साक्षीदारांची नावे आहेत, गाव आहे. हा कुलवृत्तान्ताचा पहिला पाठच झाला.

वही लिहिण्याची शिस्त कोठून आली

चर्चने माणसांची नोंद ठेवण्याची सक्ती फार जुनी आहे. इंग्लंडमध्ये १५३८ साली टॉमस क्रॉमवेल याने प्रत्येक धर्मग्रामात बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची वही ठेवावी असा हुकूम काढला. रोमन कॅथलिक चर्चने ट्रेंट येथील धर्मपरिषदेत, नोव्हेंबर १५६३ मध्ये, लग्नाविषयी मोठा निर्णय केला. लग्न धर्मगुरू आणि साक्षीदार यांच्यासमोर व्हावे, आधी तीन वेळा त्याची जाहीर घोषणा व्हावी आणि लग्नाची नोंद वहीत व्हावी, असे ठरले. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपिता व धर्ममाता कोण होते तेही लिहून ठेवावे, असेही त्याच वेळी ठरले. चोरून झालेली लग्ने आणि नात्यातली निषिद्ध लग्ने यांना आळा घालणे, हा त्यामागचा हेतू. १५६७ साली गोव्यात पहिली प्रांतिक धर्मपरिषद भरली आणि ट्रेंटचे नियम इकडच्या किनाऱ्यावर आले. १६१४ साली रोमहून जो विधिग्रंथ निघाला, त्यात मृतांची वही आणि घरोघरच्या माणसांची यादी यांचाही समावेश झाला.

म्हणजे वसई, साष्टी, चौल या पट्ट्यात ख्रिस्ती झालेल्या कोळ्याचे, भंडाऱ्याचे, शेतकऱ्याचे नाव निदान नियमाप्रमाणे तरी वहीत चढायला हवे होते. ते प्रेमाने चढले की हिशेबाने, हा प्रश्न वेगळा. मालकाचे मस्टरही काही कामगारावरच्या प्रेमाने लिहिले जात नाही. तरीही तंटा उभा राहिला की तेच मस्टर कामगाराच्या कामाला येते. सत्तेने आपल्या सोयीसाठी लिहिलेला कागद गरिबाच्या हाती पुरावा म्हणून पडतो, हा अनुभव आम्हाला नवा नाही. चर्चच्या वहीकडे आम्ही याच नजरेने पाहतो.

आरंभ घरापासून

नवखा माणूस बहुधा प्रथम चर्चमध्ये जाऊन धर्मगुरूंना विचारतो, "आमचे घराणे केव्हापासूनचे?" या प्रश्नाला कोणीही उत्तर देऊ शकणार नाही. वही घराण्याच्या नावाने लिहिलेली नसते, ती तारखेच्या क्रमाने लिहिलेली असते. तारीख हाती नसेल तर हजार नोंदींच्या वहीत आपण गोंधळून जातो. म्हणून आरंभ घरीच करावा, आणि स्वतःपासून करावा. आपण, आपले आईबाप, त्यांचे आईबाप, या क्रमाने एकेक पायरी मागे जावे. मधली पायरी गाळून एकदम मूळपुरुषाकडे उडी मारू नये. मधली कडी तुटली म्हणजे पलीकडची सारी साखळी दुसऱ्याचीच असण्याचा संभव असतो.

घरात काय पाहावे? जुने बायबल असेल तर त्याची पहिली आणि शेवटची कोरी पाने पाहावीत. जन्म, लग्न आणि मृत्यू त्यांवर लिहून ठेवण्याची चाल पुष्कळ घरांत होती. लग्नाचे दाखले, शाळा सोडल्याचे दाखले, फोटोंच्या मागची अक्षरे, जुन्या शिधापत्रिका, नोकरीची सर्टिफिकिटे, मनीऑर्डरच्या पावत्या, सातबाराचे उतारे, हे सारे एका पिशवीत गोळा करावे. कबरस्तानात जाऊन दगडांवरची नावे उतरून आणावीत. त्याआधी आणखी एक काम आहे, आणि ते उद्यावर टाकण्यासारखे नाही. घरातल्या सर्वांत वडील बाईजवळ बसावे. पुरुष आपल्या बापाच्या वंशाबद्दल सांगतो. बाई आपले माहेर, सासूचे माहेर, नणंदांची सासरे आणि कोणाचे मूल कोणी वाढवले हेसुद्धा सांगते. कागदापेक्षा माणूस लवकर जातो.

विचारण्याचीही एक रीत आहे. "आजी, तुमचा जन्म कोणत्या साली?" असे विचारले तर आजी हसते. "तुमचे लग्न झाले तेव्हा पानशेत फुटले होते का?" असे विचारले की उत्तर मिळते. पानशेत फुटले १२ जुलै १९६१ रोजी. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. मोठा दुष्काळ १९७२ चा. त्याच्या मागे जायचे तर १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ आहे, त्याच्याही मागे १८९६ साली मुंबईत उठलेला प्लेग आहे, आणि १८७६ ते १८७८ चा दुष्काळ आहे. "प्लेगात माणसे गाव सोडून रानात राहिली, तेव्हा आमची सासू पोटात होती," असे वाक्य घरात पिढ्यान् पिढ्या सांगितले जात असेल, तर त्यात एक तारीख दडलेली आहे. ती पेन्सिलीने लिहून ठेवावी. पक्के काय आणि ऐकीव काय हे निराळ्या रकान्यांत लिहावे. दोन्हींची सरमिसळ करणारा माणूस पुढे कधी इतरांना फसवतो आणि पुष्कळदा स्वतःलाच फसवतो.

कोणती वही, कोणत्या चर्चची

आता खरा शोध सुरू होतो. "आम्ही ख्रिस्ती" एवढे सांगून भागत नाही. कोणत्या चर्चचे, आणि त्या काळी ते चर्च कोणाच्या हाताखाली होते, हे कळले पाहिजे. महाराष्ट्रात दोन मोठे प्रवाह आहेत. एक किनाऱ्यावरचा कॅथलिक प्रवाह, दुसरा देशावरचा प्रॉटेस्टंट प्रवाह. दोघांची दफ्तरे वेगळ्या तऱ्हेने लिहिली गेली.

वसईचे उदाहरण घ्या. डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने तहात वसई पोर्तुगीजांना दिली. मे १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी ती जिंकली. दोनशे वर्षांचा तो कारभार संपला, पण ख्रिस्ती वस्ती राहिली. लढाईने आणि सत्तापालटाने गावे उलथीपालथी झाली. तेव्हा आपल्या धर्मग्रामातील सर्वांत जुनी वही कोणत्या सालची, हे आधी विचारून घ्यावे, म्हणजे नसलेली वही शोधण्यात दिवस जात नाहीत. पुढे १८८६ पासून वसईचा मुलूख दमणच्या धर्मप्रांतात होता, १९२८ नंतर तो मुंबईकडे आला आणि १९९८ साली वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. १९१७ च्या चर्चच्या कायद्याने दर वर्षाअखेर वहीची प्रत बिशपांच्या कचेरीत पाठवण्याचा नियम घालून दिला होता. गावातली वही वाळवीने खाल्ली असली तर ती प्रत कोठे असू शकेल हे समजण्यासाठी ही सत्तांतरे ठाऊक असावी लागतात.

मुंबईत तर आणखी घोटाळा. तिथे १७९४ पासून दुहेरी धर्मसत्ता चालली. काही चर्चे पोर्तुगालच्या राजाच्या आश्रयाखालची, काही थेट रोमच्या हाताखालची. १९२८ च्या कराराने हा प्रकार संपला. एकाच वस्तीतली दोन भावंडे दोन वेगवेगळ्या सत्तांच्या चर्चमध्ये जात असतील, तर एकाच्या वहीत दुसरा सापडत नाही. म्हणून नोंद मिळाली नाही की लगेच "नोंद नाही" असे म्हणू नये. शेजारच्या चर्चमध्ये पाहावे. आजचे नवे धर्मग्राम जुन्यातून फुटून झालेले असतात. तेव्हा मूळचे मोठे चर्च कोणते, हेही विचारावे. आणि एक साधी गोष्ट विसरू नये. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होते. थोरल्या मुलाचा बाप्तिस्मा बापाच्या गावच्या वहीत मिळाला नाही, तर आईच्या माहेरच्या चर्चमध्ये चौकशी करावी.

देशावरची हकीकत निराळी. अमेरिकन मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईला पोहोचले. १८३१ साली या मिशनने अहमदनगरला ठाणे घातले. १८४२ साली तेथूनच 'ज्ञानोदय' निघू लागले. त्याचे जुने अंक हे देशावरच्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या वार्तांचे भांडारच आहे. नगर जिल्ह्यात पुढे महार आणि मांग समाजांतील पुष्कळ कुटुंबे ख्रिस्ती झाली. या मंडळ्यांचा कारभार सभासदांच्या यादीवर चाले. कोणाला मंडळीत घेतले, कोण पत्र घेऊन दुसऱ्या गावच्या मंडळीत गेला, कोणाला शिस्तभंगासाठी काही काळ दूर ठेवले, हे मंडळीच्या कामकाजाच्या वहीत लिहिले जाई. नगरचा माणूस मुंबईला गिरणीत आला की त्याचे नाव एका यादीतून उतरून दुसरीत चढे. कामगाराचे स्थलांतर इतके स्पष्ट दाखवणारा कागद दुसरा क्वचितच मिळेल.

इथेही नावे बदलली. या मंडळ्या १९२४ साली उत्तर हिंदुस्थानच्या संयुक्त चर्चमध्ये गेल्या आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, त्यात अँग्लिकन आणि इतर चर्चांबरोबर सामील झाल्या. आजोबा स्वतःला अमेरिकन मिशनचे म्हणवतात आणि नातू सी.एन.आय.चा, तेव्हा दोघे एकाच मंडळीचे असू शकतात. अमेरिकेतल्या मूळ संस्थेची कागदपत्रे हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन ग्रंथालयात आहेत. त्यांत मिशनऱ्यांची पत्रे व अहवाल आहेत. ते वाचताना एक सावधगिरी बाळगावी. कंपनीच्या वार्षिक अहवालात कामगार जसा दिसतो, तसाच मिशनऱ्याच्या अहवालात नवख्रिस्ती दिसतो. तो दिसतो हे खरे, पण दाखवणाऱ्याला हवा त्या बाजूने दिसतो.

नाशिकजवळच्या शरणपूरसारख्या ठिकाणांचा इतिहास तर समुद्रापलीकडे जातो. १८५० नंतरच्या दशकांत गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली आफ्रिकन मुले तेथे वाढली आणि त्यांतली काही पुढे मोंबासाजवळच्या फ्रीअर टाउन वसाहतीत गेली. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनात १८९६ नंतरच्या दुष्काळांतून शेकडो मुली आल्या. अशा मुलींच्या वंशजांचा शोध बहुधा आश्रमाच्या दारापाशीच येऊन थांबतो. तो थांबला तर थांबू द्यावा. त्यापलीकडे खोटा मूळपुरुष उभा करू नये. दुष्काळातून जगलेली एक मुलगी हीच त्या घराण्याची मूळस्त्री, आणि यात कमीपणा काहीच नाही.

वही वाचावी कशी

चर्चच्या वह्या म्हणजे सार्वजनिक वाचनालय नव्हे. त्या चर्चच्या मालकीच्या आहेत आणि त्यांत जिवंत माणसांच्या खाजगी गोष्टी आहेत. म्हणून आधी लेखी विनंती करावी. आपण कोण, कोणाची नोंद हवी, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत पाहायचे, हे एका पानात लिहावे. रविवारी उपासनेच्या गर्दीत धर्मगुरूंना किंवा पाळकांना गाठू नये, कचेरीची वेळ विचारून जावे. वही हाती दिली तर बोट ओले करून पान उलटू नये, शाईचे पेन खिशातच ठेवावे, फोटो विचारल्याशिवाय काढू नये. हे शिष्टाचार क्षुल्लक वाटतात, पण एकाने वही फाडली की पुढच्या दहा जणांना दार बंद होते.

किनाऱ्यावरच्या जुन्या नोंदी पोर्तुगीज किंवा लॅटिनमध्ये असतात. घाबरण्याचे कारण नाही. नोंदीचा साचा ठरलेला असतो, आणि वीस-पंचवीस शब्द पाठ झाले की पान वाचता येते. 'पाइ' म्हणजे बाप, 'फिल्यू' म्हणजे मुलगा, 'पाद्रीन्यू' म्हणजे धर्मपिता, 'काझामेंतू' म्हणजे लग्न, 'ओबितू' म्हणजे मृत्यू. आम्हाला इंग्रजी कोणी शाळेत बसवून शिकवले नाही. कायद्याची कलमे लावता लावता ते आले. गरज असली की भाषा येते.

बाप्तिस्म्याच्या नोंदीत समास जरूर पाहावा. कॅथलिक वहीत पुढे त्या माणसाचे दृढीकरण किंवा लग्न झाले की त्याची टीप जन्मगावच्या वहीत, त्याच नोंदीच्या बाजूला घालण्याचा नियम आहे. लग्न मुंबईत झाले तरी खबर गावच्या वहीकडे येते. म्हणून एका समासातल्या दोन ओळी आपल्याला गावाहून शहराकडे आणि शहराहून गावाकडे नेऊ शकतात. धर्मपिता आणि धर्ममाता यांची नावेही उतरून घ्यावीत. ते बहुधा मामा, आत्या, शेजारी असे जवळचे कोणीतरी असतात. एकाच जोडप्याच्या पाच मुलांचे धर्मपालक ओळीने मांडले की त्या घराचा सारा गोतावळा समोर उभा राहतो.

लग्नाची नोंद त्याहून बोलकी. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याने ठरवून दिलेल्या नमुन्यात दोघांची नावे, वये, धंदा, राहण्याचे ठिकाण, बापांची नावे आणि साक्षीदार असे रकाने आहेत. धंद्याच्या रकान्यात 'मजूर' किंवा 'गिरणी कामगार' असा एकच शब्द असतो, पण कामगारांचा इतिहास लिहिणाऱ्याला तो एक शब्द मोलाचा वाटतो. कॅथलिक लग्नात नातेसंबंध आड येत असेल तर चर्चची सूट घ्यावी लागे. १९१७ पर्यंत चौथ्या पायरीपर्यंतचे नातेवाईक निषिद्ध होते, १९१७ नंतर ही मर्यादा तिसऱ्या पायरीवर आली. लहान गावात अशी सूट घ्यावी लागली असेल, तर ती देताना नाते कोणते हे तपासले जाई. कधी कधी त्या एका ओळीत वधूवरांचे पणजोबा सख्खे भाऊ होते, हे कळून जाते.

चुका कोठे होतात तेही सांगून ठेवतो. बाप्तिस्म्याची तारीख ही जन्माची तारीख नव्हे. प्रौढपणी बाप्तिस्मा घेतलेल्याच्या बाबतीत तर दोहोंत तीस वर्षांचे अंतर असू शकते. वसईत किंवा गोव्यात एकच आडनाव आहे म्हणून रक्ताचे नाते आहे असे मानू नये. तिथे नवख्रिस्ती कुटुंबांना धर्मगुरूचे किंवा धर्मपित्याचे आडनाव मिळाले, म्हणून एकमेकांशी संबंध नसलेली घरे एकाच आडनावाची झाली. अशा ठिकाणी पाड्याचे, आळीचे, घराच्या टोपणनावाचे महत्त्व अधिक. एका गावात एकाच वेळी एका नावाचे तिघे असू शकतात. योहान नावाचा माणूस सापडला म्हणजे तो आपलाच योहान झाला असे नाही. बापाचे नाव, बायकोचे नाव आणि पाडा, या तीन गोष्टी जुळल्याशिवाय नाव वंशावळीत चढवू नये. कामगार न्यायालयात एका कागदावर दावा टिकत नाही, कागदाला साक्षीचा आणि साक्षीला दुसऱ्या कागदाचा आधार लागतो. इथेही तोच नियम लावावा.

ब्रिटिश काळातल्या मुंबई इलाख्यातील बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या प्रतींचा मोठा संग्रह लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे आणि तो १७०९ पासून सुरू होतो. पण त्यात प्रामुख्याने युरोपियन आणि अँग्लो-इंडियन लोक आहेत. नगरच्या किंवा वसईच्या शेतकऱ्याने आधी तिकडे पैसे घालू नयेत. अमेरिकेतील युटा येथील वंशशास्त्र संस्थेने १९३८ पासून जगभरच्या धर्मग्रामांच्या वह्यांचे फोटो घेतले आणि आज त्यांतले पुष्कळ 'फॅमिलीसर्च' या संकेतस्थळावर घरबसल्या शोधता येतात. त्यात आपल्या गावची वही आहे की नाही, हे पाहण्याला पैसा पडत नाही.

वहीच्या अलीकडचे आणि पलीकडचे

आता थोडे नाजूक विषयाकडे वळू. पुष्कळ घरांत या शोधाला वडील माणसे विरोध करतात. "उकरून काय काढायचे आहे?" असे विचारतात. त्यामागे भीती असते. कोणती जात निघेल, दुष्काळात भाकरीसाठी धर्म बदलला असे निघेल का, एखाद्या मुलाच्या बापाचे नाव कोरे निघेल का, अशी ती भीती.

आमचे म्हणणे असे, की भीतीला उत्तर तारखेने द्यावे. "दुष्काळातले ख्रिस्ती" हा शब्द देशावर टोमण्यासारखा वापरला गेला. आपल्या घरचा बाप्तिस्मा कोणत्या सालचा हे पाहावे. तो दुष्काळाच्या आधीचा निघाला तर टोमणा खोटा ठरतो. तो दुष्काळाच्या वर्षीचाच निघाला, तरी उपाशी माणसाने आपली मुले जगवण्यासाठी घेतलेला निर्णय हा त्याचाच निर्णय असतो. गिरणी बंद पडल्यावर भाजीची गाडी ओढणाऱ्या साचेवाल्याला आपण लाजायला सांगत नाही. मग त्याच्या पणजोबाने का लाजावे? आणि पुढची तीन-चार पिढ्यांची वही पाहिली तर दिसते, की धान्य पुन्हा पिकले तेव्हाही ती माणसे मंडळीतच राहिली. एवढे पाहिल्यावर टोमणा मारणाऱ्याला दुसरे काय सांगायचे?

जातीचे म्हणाल तर ती वहीत कधी लिहिलेली असते, कधी मुद्दाम लिहिलेली नसते. पण ती माणसांना सोडत नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची यादी हिंदूंपुरती ठेवली. पुढे १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध तिच्यात आले, ख्रिस्ती आले नाहीत. म्हणून या समाजात पुष्कळांना आपले मूळ सांगावे की लपवावे हा पेच पडला, आणि त्या पेचात घरच्या आठवणीही लपल्या गेल्या. संशोधकाने हे समजून घ्यावे आणि कोणावर जबरदस्ती करू नये. जिवंत माणसाविषयी जे सापडेल ते त्याच्या परवानगीवाचून छापू नये. कोऱ्या रकान्यातला बाप शोधण्याच्या नादात एखाद्या म्हाताऱ्या बाईचे मन मोडू नये.

चर्चच्या वहीमागे जायचे असेल तर गावच्या दफ्तराकडे वळावे. १८५० च्या एकविसाव्या कायद्याने धर्म बदलला म्हणून माणसाचा वारसाहक्क बुडत नाही असे ठरले. त्यामुळे चर्चच्या वहीत जो याकोब झाला, तो तलाठ्याच्या कागदात जुन्याच नावाने वारस म्हणून राहिलेला असू शकतो. महार वतने मुंबई राज्याच्या १९५८ च्या कायद्याने संपुष्टात आली. त्या वतनांच्या कागदांत वारसांची नावे असतात. चर्चचा कागद आणि वतनाचा कागद शेजारी ठेवला की धर्मांतराच्या दोन्ही बाजूंचे एकच घराणे दिसू लागते. ज्या हिंदू श्रोत्यांना वाटत असेल की हा विषय आपला नव्हे, त्यांनीही हे ध्यानात घ्यावे. त्र्यंबकेश्वरला किंवा पंढरपूरला तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आपल्या पूर्वजांच्या नोंदी आपण शोधतो, त्याच वंशवृक्षाची एखादी फांदी चर्चच्या वहीत गेलेली असेल.

आणखी एक गोष्ट या वह्यांनी आम्हाला दाखवली. गिरणीच्या मस्टरमध्ये कामगाराचे नाव आणि बापाचे नाव असे. वतनाच्या कागदात पुरुष वारस असत. छापील कुलवृत्तान्तांतल्या वंशवृक्षांत मुली फांदीच्या टोकाशी थांबतात. बाप्तिस्म्याच्या नोंदीत मात्र मुलाच्या आईचे नाव लिहिलेले असते. शेतमजूर बाईचे नाव, जी कधी शाळेत गेली नाही, जिने कधी कोणत्या कागदावर अंगठासुद्धा उठवला नसेल, तिचे नाव तारखेसह तिथे आहे. कष्टकऱ्यांचा इतिहास लिहायचा म्हटला की बायकांची नावे मिळत नाहीत अशी आपली नेहमीची तक्रार. इथे ती ओळीने मांडलेली आहेत आणि वाचणाऱ्याची वाट पाहत आहेत.

पण त्या वह्यांनाही वय आहे. दमट किनाऱ्यावर कागद कुजतो, शाई पसरते, वाळवीला धर्म नसतो. सरकारी जन्ममृत्यूची नोंद १९६९ च्या कायद्याने देशभर एकसारखी झाली. त्याच्या आधीच्या काळात गरीब घरांपुरता पुष्कळदा चर्चचा कागदच तेवढा हाती उरतो. म्हणून प्रत्येक धर्मग्रामातल्या, प्रत्येक मंडळीतल्या चार-पाच जाणत्या माणसांनी एकत्र यावे, धर्मगुरूंची अथवा पाळकांची संमती घ्यावी, जुन्या वह्यांचे फोटो काढावेत, नावांची सूची करावी आणि तिची एक प्रत चर्चमध्ये, एक गावच्या वाचनालयात ठेवावी. संघटनेचे काम आम्ही आयुष्यभर केले. एकट्याने वर्षभरात जे होत नाही ते पाच जणांनी रविवारच्या दोन-दोन तासांत होते.

ज्यांना आजच सुरुवात करायची आहे त्यांनी एवढेच करावे. एक कोरा कागद घ्यावा. त्यावर आपले नाव, आईबापांचे नाव, चारही आजीआजोबांचे नाव, त्यांचे गाव आणि त्यांचे चर्च लिहावे. बहुतेकांचा कागद आजीच्या माहेरापाशी अडेल. जिथे अडेल तिथे प्रश्नचिन्ह घालावे, आणि घरातल्या ज्या वृद्ध माणसाला त्याचे उत्तर ठाऊक असेल त्याच्याकडे या आठवड्यातच जावे. चर्चची वही आणखी काही वर्षे कपाटात थांबेल. ते माणूस तेवढे थांबेल याची हमी कोणी देऊ शकत नाही.